शंभर वेळा शंभर मीटर

मुलामुलींनो,

आज गोष्टीच्या आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

शाळेच्या मैदानावर टेपनं मोजून शंभर मीटर अंतर घ्या. दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा. एकानं घड्याळ धरायचं, एकानं पळायचं. १९ सेकंदांत पलीकडच्या रेघेवर पोचायचं आहे. ‘हॅत्, एवढंच?’ म्हणाल. खरंच आहे. सहावी-सातवीतली पुष्कळ मुलं-मुली त्याच्याही आत पोचतील. पोचलात? शाबास! आता दम खायला थांबू नका. तस्संच, त्याच वेगानं, आणखी नव्व्याण्णव वेळा पळा.

माझ्या वर्गात मी हे गणित घातलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, माणूस हाय का मशीन?”

माणूसच आहे. तिचं नाव कविता राऊत. २१ नोव्हेंबर २०१० या दिवशी चीनमधल्या ग्वांगझू शहरात आशियाई स्पर्धेत ती १० हजार मीटर धावली. म्हणजे ४०० मीटरच्या गोल मैदानाला २५ फेऱ्या. वेळ लागला ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. भागाकार करून पाहा, दर शंभर मीटरला १९ सेकंदांच्या आसपास येतात. आपली शाळेची तासिका ३५ मिनिटांची असते. तासिकेची घंटा होऊन पुन्हा घंटा व्हायच्या आत ही बाई १० किलोमीटर जाऊन पोचली, वर तीन मिनिटं शिल्लक!

ही कविताताई कुठली? अमेरिकेची नाही, केनियाची नाही. आपलीच, सह्याद्रीतली. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल म्हणून बाजाराचं गाव आहे. त्याच्याजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा. आपण मुरबाड-शहापूरची माणसं. कसाऱ्याच्या पलीकडे, मोखाड्याच्या वरच्या अंगाला गेलं की तो मुलूख लागतो. डोंगर तसेच, नाचणी-वरईची शेतं तशीच, पावसाळ्यात छपराला गळती तशीच. आपल्याकडच्या ठाकरवाडीतलं नाहीतर कातकरवाडीतलं एखादं पोर उचलून सावरपाड्याला नेलं, तर त्याला परकं वाटणार नाही. फार तर बोली थोडी वेगळी वाटेल.

कविताताईचा जन्म ५ मे १९८५चा. तिच्या लहानपणी पाड्यावर काय होतं आणि काय नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या भागात पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून सगळा वाहून जातो. फाल्गुन लागला की विहिरी तळ दाखवतात. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि पायांखाली चढ. पाणी आणायला पोरीच जातात, हेही तुम्हाला माहीत आहे. तानसा आणि भातसा ही एवढाली धरणं आपल्याच शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी नळातून मुंबईला जातं, आणि धरणाच्या आजूबाजूच्या वाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कविताताईनंही हंडे वाहिले, शाळेसाठी पायपीट केली.

आणि ती पळायला लागली. पळणंच का? तर त्याला काही लागत नाही म्हणून. क्रिकेटला बॅट पाहिजे, स्टंप पाहिजेत, बॉल हरवला की वर्गणी काढायला पाहिजे. बॅडमिंटनचं तर नावच नको. पळायला काय पाहिजे? दोन पाय. बूटसुद्धा नसले तरी चालतात. सुरुवातीला कविताताई अनवाणीच धावायची.

इथं मला जरा थांबून काही बोलायचं आहे. कविताताईबद्दल लिहिताना पुष्कळ जण असं लिहितात, की पाण्याच्या हंड्यांनी आणि डोंगरांनीच तिला धावपटू केलं. ऐकायला छान वाटतं. चढ-उतारावर रोज चालण्यानं दम वाढतो, हे खरंच आहे. असं रोज लांब चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसाचं हृदय मजबूत होतं, एका ठोक्यात जास्त रक्त पुढं ढकलतं. म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. मोठ्या माणसाची नाडी बसल्याजागी मिनिटाला साधारण ७०-७५ पडते. लांब पल्ल्याच्या धावपटूंची ५०च्या खालीसुद्धा असते.

पण हंडे वाहून पदक मिळत असतं, तर आपल्या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक वाडीत पदकं टांगलेली दिसली नसती का? तुमच्या आया, तुमच्या मोठ्या बहिणी एवढी वर्षं हंडे वाहतात, त्यांना कुणी पळायला बोलावलं? हंड्यानं मान दुखते, शाळा बुडते. त्याला खेळ म्हणत नाहीत. कविताताईच्या बाबतीत वेगळं काय झालं, ते पाहायला हवं.

झालं असं, की शाळेच्या स्पर्धांमधून तिचं पळणं दिसायला लागलं, आणि ते नाशिकच्या विजेंदर सिंग या प्रशिक्षकांपर्यंत पोचलं. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर ते मुलामुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवत. पळणं कसलं शिकवायचं, असं वाटतं ना? पण शिकवावं लागतं. आपण पोरं काय करतो? शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटतो आणि दुसऱ्या फेरीला पोट धरून बसतो. २५ फेऱ्यांची शर्यत म्हणजे २५ रुपये घेऊन म्हशाच्या जत्रेत जाण्यासारखं आहे. पहिल्याच पाळण्यात सगळे उडवले तर पुढं नुसतं बघत फिरायचं. पहिली फेरी किती सेकंदांत, दहावी किती सेकंदांत, कुणाच्या मागं राहायचं, कधी पुढं जायचं, हे सगळं घड्याळ लावून, महिनोन्‌महिने, पहाटे उठून शिकावं लागतं. त्याच्या जोडीला पोटभर जेवण लागतं, पायात बरे बूट लागतात, दुखलं-खुपलं तर पाहणारं कुणी लागतं. ‘पळायला काही लागत नाही’ हे गावच्या शर्यतीपुरतं खरं. त्याच्या पुढं बरंच काही लागतं.

आणि घरच्यांनी मुलीला पाड्यावरून नाशिकला जाऊ द्यावं लागतं. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. का, ते जरा पुढं सांगते.

आधी दिल्लीची शर्यत. ८ ऑक्टोबर २०१०. राष्ट्रकुल स्पर्धा, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. महिलांची १० हजार मीटर शर्यत. केनियाच्या मुली म्हणजे या शर्यतीतल्या राण्या. ग्रेस मोमान्यी पहिली आली, डोरिस चांगेयवो दुसरी. आणि तिसरी? निळ्या पोशाखातली, बारीक चणीची, सावरपाड्याची कविता राऊत! वेळ ३३ मिनिटं ५.२८ सेकंद.

तुम्ही म्हणाल, तिसरी तर आली, त्यात एवढं काय? सांगते. १९५८ साली कार्डिफ शहरात याच राष्ट्रकुल स्पर्धेत मिल्खासिंगांनी ४४० यार्डांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं होतं. त्यानंतर राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला उडीत पदक मिळालं, फेकीत मिळालं, चौघींनी मिळून धावायच्या रिलेतही मिळालं. पण एकट्यानं मैदानावर धावून पदक? एकही नाही. १९५८ ते २०१० म्हणजे ५२ वर्षं. तुमच्या आजोबांचं बालपण, तुमच्या बाबांचं बालपण, सगळं त्यात होऊन गेलं. ही ५२ वर्षांची रिकामी ओळ कविताताईनं भरली. आणि भारतीय महिलांमध्ये तर हे पदक पहिलंच. फाळणीत आईवडील गमावलेल्या मिल्खासिंगांच्या नावाखाली थेट एका आदिवासी पाड्यावरच्या मुलीचं नाव लागलं. पेपरवाल्यांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही. ज्या पाड्याचं नाव जिल्ह्यातही फार कुणाला माहीत नव्हतं, ते नाव तिच्या नावाला जोडून देशभर गेलं.

त्यानंतर दीड महिन्यानं ग्वांगझू. वरचं गणित तिथलंच. दिल्लीपेक्षा सव्वा मिनिटानं लवकर आली ती! तरी सुवर्णपदक हुकलं. पहिली कोण आली माहीत आहे? आपल्याच देशाची, केरळची प्रीजा श्रीधरन. दोघींमध्ये अंतर किती, तर ०.९७ सेकंद. १० किलोमीटर धावून एका सेकंदाहूनही कमी फरक! ‘एक’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सोनं आणि चांदी वेगवेगळी झाली. पुढं ५ हजार मीटरमध्येही प्रीजाला रौप्य आणि कविताताईला कांस्य मिळालं.

आता मघाची राहिलेली गोष्ट.

आमच्याकडे केंद्र, बीट, तालुका अशा स्पर्धा होतात, तुमच्याकडेही होत असतील. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. वाडीवरून यायची, अर्धा-पाऊण तासाची वाट. शाळा सुटली की खाली मान घालून निघायची, बोलायची कमी. पण पळायला उभी केली की काय पळायची! केंद्राला पहिली, बीटला पहिली. तालुक्याला जायचं ठरलं आणि आदल्या दिवशी ती शाळेतच आली नाही. मी संध्याकाळी वाडीवर गेले. तिची आजी दारात तांदूळ पाखडत होती. मी विचारलं, “आजी, पोरगी उद्या येनार ना मुरबाडला?” आजी सूप खाली ठेवून म्हणाली, “बाई, तुमचा ऐकला असता. पन पोर आता मोठी झाली. मानसांच्या म्होरं धावाया लावू कशी? उद्या तिचं लगीन करायचाय आमाला.” मुलगी आत चुलीपुढं बसली होती. बाहेर आली नाही.

आजी वाईट नव्हती हं. तिनं मला कोरा चहा पाजला आणि अंधार पडला म्हणून मुलीच्या काकाला माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत पाठवलं. तिच्या डोळ्यांसमोर पळणारी बाई कधी आलीच नव्हती, आणि लोक काय म्हणतील ते मात्र रोज समोर होतं.

त्या मुलीचं पुढं लग्न झालं. माझ्या वर्गातल्या मुली पाचवीत मुलांच्या पुढं असतात. सातवी-आठवीत त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून ओढण्या सावरत टाळ्या वाजवायला लागतात. तुमच्या शाळेत मोजून पाहा.

हे आपल्याकडेच असतं असं समजू नका. आपण जरा लांब जाऊ या, पार अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्बनी गावात. १९२३ साली तिथं ॲलिस कोचमन नावाची मुलगी जन्मली. कृष्णवर्णीय घरातली. घर गरीब, भावंडं पुष्कळ. कापूस वेचायला जायचं आणि उरलेल्या वेळात पळायचं, उड्या मारायच्या. त्या काळी तिथं गोऱ्यांसाठी वेगळी शाळा आणि काळ्यांसाठी वेगळी. बसमध्ये जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे. खेळाची चांगली मैदानं गोऱ्यांची. तिथं ॲलिसला पाऊल ठेवायची सोय नव्हती. मग ती मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावायची. काठ्या रोवून, दोरी नाहीतर चिंध्या बांधून त्यावरून उंच उडी मारायची.

आणि तिचे वडील? त्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. मुलीच्या जातीनं घरात बसावं, असं उंडारू नये, म्हणून ते तिला मारसुद्धा देत. बघा, समुद्रापलीकडचा बाप आणि आमच्या वाडीवरची आजी!

पण ॲलिसला दोन माणसं भेटली. एक तिची मावशी कॅरी स्प्राय, आणि दुसरी पाचवीच्या वर्गाची शिक्षिका, कोरा बेली. ‘पळ तू,’ म्हणणाऱ्या या दोघी. (आता मी स्वतः प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे कोरा बेलीबाईंचं नाव जरा ठळक अक्षरांत छापावं असं मला वाटतं, पण संपादक ऐकायचे नाहीत.) पुढं टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या संस्थेनं तिला बोलावून शिष्यवृत्ती दिली. शिष्यवृत्ती म्हणजे फुकट नव्हे बरं का. मैदान नि व्यायामशाळा साफ करायची, खेळाडूंचे फाटलेले कपडे शिवायचे, आणि मग सराव. १९३९पासून १९४८पर्यंत, ओळीनं दहा वर्षं, अमेरिकेत उंच उडीचं राष्ट्रीय विजेतेपद तिनं कुणाला दिलं नाही. मधली १९४० आणि १९४४ची ऑलिंपिक महायुद्धामुळं झालीच नाहीत, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

शेवटी १९४८चं लंडन. ॲलिस पहिल्याच प्रयत्नात १.६८ मीटर उडाली. इंग्लंडची डोरथी टायलरही तेवढीच उडाली, पण पहिल्या प्रयत्नात नाही. म्हणून सोनं ॲलिसचं! ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणारी जगातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. इंग्लंडच्या राजानं, सहाव्या जॉर्जनं, तिला पदक दिलं.

मग ती घरी आली. मिरवणूक निघाली, अटलांटापासून अल्बनीपर्यंत, जवळजवळ २८० किलोमीटर! वाटेतल्या गावागावांत लोक रस्त्यावर उभे. गावच्या सभागृहात सत्कार. आणि त्या सभागृहात गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. गावचा महापौर गोरा. ज्या मुलीशी इंग्लंडच्या राजानं हात मिळवला, तिच्याशी त्यानं हात मिळवला नाही. सत्कार संपल्यावर तिला बाजूच्या दारानं बाहेर जावं लागलं. तिच्याच सत्कारातून!

वर्गात हे वाचून दाखवलं की मुलं रागावतात. ‘बाई, त्या महापौराला दोन ठेवून द्यायला पायजे होत्या,’ म्हणतात. रागवा, पण अमेरिकेलाच नावं ठेवून मोकळे होऊ नका. आपल्याकडे पळवणकर बाळू नावाचे मोठे गोलंदाज होऊन गेले. चांभार समाजातले. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा या एकट्या माणसानं शंभरावर बळी घेतले. त्याआधी पुण्यात खेळायचे तेव्हा त्यांना चहा कसा मिळायचा? बाहेर, मातीच्या कुल्हडात. त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, कप चालायचा नाही. तुमच्या वर्गात वाडीवरून येणाऱ्या मुलाच्या डब्यात कुणी हात घालत नसेल, त्याच्या बोलण्याची कुणी नक्कल करून हसत असेल, तर तेही बाजूचंच दार आहे.

ॲलिसनंतर बारा वर्षांनी, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये, विल्मा रुडॉल्फ नावाच्या कृष्णवर्णीय मुलीनं तीन सुवर्णपदकं मिळवली. लहानपणी पोलिओ झालेली, पायाला पट्टे बांधून चालणारी ही मुलगी. तिच्याही गावानं, टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिलनं, सत्कार ठरवला. विल्मानं सांगितलं, ‘काळे-गोरे वेगवेगळे बसणार असतील तर मी येणार नाही.’ झालं! गावाला ऐकावं लागलं. त्या गावातला सगळ्यांनी एकत्र येऊन केलेला तो पहिला समारंभ. ॲलिसला जे सोसावं लागलं, ते विल्मानं नाकारलं. पदकाचा असाही उपयोग होतो.

ॲलिस पुढं शिक्षिका झाली, मुलांना खेळ शिकवत राहिली. २०१४ साली, नव्वदाव्या वर्षी ती वारली.

आता परत सावरपाड्याला येऊ. कविताताईला २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर लग्न झालं. आणि इथं आमच्या वाडीवरच्या आजीला मुद्दाम सांगण्यासारखं आहे, की लग्न झाल्यावरही ती धावतच राहिली. फेब्रुवारी २०१६मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. कविताताईनं ती २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत पुरी केली, सुवर्णपदक घेतलं आणि रिओ ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. पाड्यावरची मुलगी ऑलिंपिकला!

रिओत तिचा नंबर १२०वा आला. वेळ २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद. हे लपवायचं कशाला? माझ्या वर्गातला तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “म्हंजे हारलीच की.” मी त्याला विचारलं, “तुला ४२ किलोमीटर एका दिवसात नुसतं चालता येईल का?” तो विचारात पडला. मग म्हणाला, “सायकलवर चालंल का बाई?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण रिओची शर्यत गुवाहाटीच्या शर्यतीहून २१ मिनिटं मागं गेली, हे खरंच आहे. मोठ्या खेळाडूंचेही असे दिवस असतात. पायांनी कुरकुर केली तरी ती शेवटच्या रेघेपर्यंत गेली.

तिच्या मागं काय उरलं, ते पदकांच्या यादीत सगळं दिसत नाही. नाशिकच्या मैदानावर विजेंदर सिंगांकडं मुलींची रांग लागली. मोनिका आथरे २०१७मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधवला त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत ५ हजार मीटरचं कांस्यपदक मिळालं. तिकडं साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. त्याच शर्यतीत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतलं. सावरपाडा, माण, मांडवा. नकाशात शोधा. सगळी पाण्याला मोताद असलेली गावं.

पण मला सगळ्यांत जास्त आवडतं ते वेगळंच. आता एखाद्या वाडीवर आजी म्हणाली, की मुलगी माणसांपुढं धावायची कशी, तर शिक्षक भिंतीवरचं एक चित्र दाखवू शकतात. ‘आजी, ही बघा. हिचं पण घर कुडाचं होतं, हिच्या पण डोक्यावर हंडा होता.’ कोरा बेलीबाईंकडे असं चित्र नव्हतं. आमच्या वाडीवर गेले होते त्या संध्याकाळी माझ्याही पिशवीत नव्हतं. आता आमच्या शाळेत, फळ्याच्या उजव्या बाजूला, पेपरातून कापलेला कविताताईचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. पावसानं त्याचा एक कोपरा फुगलाय. मुली पाटी पुसायला जाताना त्याच्याकडं बघतात. मुलंही बघतात.

या आठवड्याचं काम दोन भागांत आहे.

पहिलं. तुमच्या वर्गात सगळ्यांत लांबून चालत येणारं कोण आहे, ते शोधा. त्याच्याबरोबर किंवा तिच्याबरोबर एक दिवस शाळा सुटल्यावर घरापर्यंत जा आणि पावलं मोजा. शंभर पावलं झाली की खिशात एक खडा टाका, म्हणजे मोजणी चुकणार नाही. आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं ते आधी पट्टीनं पाहून ठेवा. घरी पोचलात की गुणाकार करा. जाताना घरी सांगून जा, आणि त्यांच्याकडं पाणी प्यायल्याशिवाय परत येऊ नका.

दुसरं. तुमच्या शाळेत पाचवीत पळणाऱ्या मुली किती आणि आठवीत किती, हे दोन आकडे मोजा. आठवीतल्या ज्या पळत नाहीत, त्यांना का ते विचारा. टिंगल न करता विचारा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यांची नावं लिहू नका, नुसते आकडे आणि शब्द. पोस्टकार्डावर मावत नसेल तर आंतरदेशीय पत्र वापरा. अंकाच्या पत्त्यावर पाठवा, वर ‘पळणाऱ्या मुली’ असं लिहा. पत्रं आली की मी ती सगळी वाचणार आहे.

आणि शंभर मीटर आखाल तेव्हा चपला घालून पळू नका, घसरून पडाल. बूट असतील तर बूट, नसतील तर अनवाणी. फक्त आधी सगळ्यांनी मिळून मैदानातल्या काचा आणि बाभळीचे काटे वेचून काढा.

तुमच्या
बाई